फ्लशची टाकी सारखी भरत राहते? सामान आणण्याआधी पाणी कुठून जातंय ते शोधा

रात्री दीड-दोनची वेळ. बाथरूममध्ये कुणी नाही, तरी फ्लशची टाकी अचानक आवाज करत भरायला लागते. अर्ध्या मिनिटात थांबते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा तेच. काही घरांत आवाजही नसतो. कमोडच्या आतल्या मागच्या बाजूने पाण्याचा इतका पातळ पापुद्रा उतरत असतो की बोट लावल्याशिवाय कळत नाही. प्लंबर येतो, काहीतरी बदलतो, दोन महिने बरे जातात आणि परत सुरू. हे जे 'परत सुरू' होतं, त्याबद्दल मला लिहायचं आहे.

मी नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळच्या 24 फ्लॅटच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्हाला दिवसाआड टँकर लागायला लागला. महापालिकेचं पाणी नेहमीच्या वेळेला येत होतं, बोअर चालू होती, तरी गच्चीवरची टाकी सकाळी तळाला. एकमेकांवर संशय सुरू झाला: कुणाच्या गाड्या रोज धुतल्या जातात, कुणाकडे पाहुणे जास्त. शेवटी एका रात्री 1 वाजता आणि पहाटे 4 वाजता मी आणि वॉचमनदादांनी टाकीत काठी बुडवून पातळी मोजली. त्या तीन तासांत पंप बंद, सगळे झोपलेले. पाणी 10 सेंटीमीटर उतरलं होतं. आमची टाकी आतून 3 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद आहे, म्हणजे 600 लिटर. तासाला 200, दिवसाला 4,800 लिटर. जवळजवळ 5,000 लिटरचा एक टँकर रोज कुणीही न वापरता गटारात जात होता.

पुढच्या रविवारी प्रत्येक घरात जाऊन 48 टॉयलेट तपासली. 11 गळत होती. त्यातल्या निम्म्याहून जास्त घरांना आपल्याकडे काही गळतंय याचा पत्ताच नव्हता. बाकीच्यांनी आधी एक-दोनदा दुरुस्ती करून घेतली होती, फक्त चुकीच्या जागी.

टाकीत नेमकं काय चालतं

झाकण उघडलं की टाकीत दोनच महत्त्वाच्या गोष्टी दिसतात. एक, पाणी आत घेणारी: इनलेट. जुन्या टाकीत दांडीवर चेंडू असलेला बॉल कॉक, नव्यात उभा पाइप आणि त्याला धरून वरखाली होणारा छोटा फ्लोट. पाणी चढलं की फ्लोट चढतो आणि वरची वाट बंद करतो. दुसरी, पाणी खाली सोडणारी: मधोमध उभी असलेली फिटिंग. तिच्या तळाशी एक रबरी किंवा सिलिकॉनची चकती असते, तिलाच सील म्हणतात. बटण दाबलं की सील उचललं जातं, टाकी रिकामी झाली की पुन्हा आपल्या जागेवर बसतं. याच फिटिंगच्या मधून एक पोकळ नळी वर आलेली असते, ती ओव्हरफ्लो. इनलेट बिघडून पाणी चढतच राहिलं, तर ते टाकीबाहेर फरशीवर न सांडता या नळीतून कमोडमध्ये जावं म्हणून ती ठेवलेली असते. ही सोय चांगलीच, पण तिच्यामुळेच बिघाड लपतो. फरशी कोरडी राहते आणि पाणी गुपचूप जात राहतं.

म्हणजे पाणी जायला वाटा दोन. खालून, सीलमधून. किंवा वरून, ओव्हरफ्लोतून. दोन्हींत कमोडमध्ये दिसतं ते एकच, पण दुरुस्ती वेगळी. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे वर्षभरात दोनदा इनलेट बदललं गेलं, कारण आवाज इनलेटमधून येत होता. खरं तर सील गळत होतं. पाणी हळूहळू उतरलं की फ्लोट उतरणार आणि इनलेट उघडणारच. ते बिचारं आपलं काम करत होतं. नवं इनलेट बसवल्यावर आवाज कमी झाला, म्हणून दुरुस्ती झाली असं सगळ्यांना वाटलं.

एक पेन्सिल आणि थोडी नीळ

टाकी पूर्ण भरू द्या. झाकण काढून आतल्या भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण करा. मग टाकीखालचा अँगल कॉक (टाकीत येणारं पाणी बंद करणारा छोटा व्हॉल्व्ह) बंद करा आणि अर्धा तास कुणालाही फ्लश करू देऊ नका.

अर्ध्या तासाने पाणी खुणेवरच असेल, तर खालचं सील ठीक आहे आणि दोष बहुधा इनलेटचा. पाणी खाली गेलं असेल, तर दोष खालचा. पाणी थोडं उतरून मध्येच कुठेतरी थांबलं आणि नंतर कितीही वेळ ठेवलं तरी तिथेच राहिलं, तर त्या उंचीवर ओव्हरफ्लो नळीला तडा असण्याची शक्यता मोठी. हा तिसरा प्रकार क्वचित सापडतो, पण सापडतो तेव्हा माणूस सील बदलून बदलून थकतो, म्हणून लक्षात ठेवा.

याच अर्ध्या तासात गळती किती आहे तेही काढता येतं. टाकीची आतली लांबी आणि रुंदी सेंटीमीटरमध्ये मोजा. समजा 40 आणि 15, म्हणजे क्षेत्रफळ 600. पाणी 5 सेंटीमीटर उतरलं तर 3,000 घन सेंटीमीटर, अर्थात 3 लिटर. तासाला 6, दिवसाला 144 लिटर. भूमिगत गटार असलेल्या शहरांत माणशी रोज 135 लिटर पाणी धरून योजना आखतात. एक गळकी टाकी घरातल्या एका अख्ख्या माणसाचं पाणी पिऊन टाकते. हा हिशोब मी प्रत्येक घरात कागदावर करून दाखवला. त्यानंतर कुणी 'थोडंसंच तर गळतंय' म्हणालं नाही.

अँगल कॉक जाम असेल आणि फिरतच नसेल, तर जोर लावू नका. वर्षानुवर्षं न हललेला कॉक मोडला की रविवार गेला. त्याऐवजी बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, किंवा निळीची खूण वापरा. कपड्यांची नीळ थोड्या पाण्यात कालवून टाकीत ओता आणि वीस मिनिटं थांबा. फ्लश न करता कमोडमध्ये निळं उतरलं, तर पाणी टाकीतून निसटतंय हे नक्की. ते वरून की खालून, हे ओव्हरफ्लोच्या तोंडाकडे टॉर्च मारून बघायचं. पाण्याची पातळी नळीच्या काठापासून साधारण एक इंच खाली असायला हवी. काठाला टेकलेली दिसली तर उत्तर मिळालं.

खालून गळत असेल तर: सील, आणि त्याहून जास्त सीलची बैठक

आमच्या 11 पैकी 7 टाक्या अशा निघाल्या, आणि 'परत सुरू' होण्याचं खरं कारण मला इथेच कळलं.

अँगल कॉक बंद करून फ्लश करा, टाकी रिकामी होऊ द्या. झाकणाला बटण असेल तर आधी बटणाभोवतीची कडी डावीकडे फिरवून सोडवा. मग मधली फिटिंग दोन्ही हातांनी धरून डावीकडे थोडी फिरवली की बहुतेक ती सुटून वर येते, तळाचा भाग टाकीतच राहतो. फिटिंग उलटी केली की खाली सपाट रबरी कडी दिसेल. तिच्यावरून बोट फिरवा. बोटाला काळं लागलं तर रबर संपलं, दुसरा विचार करायला नको. मऊ आहे पण एका बाजूने वर्तुळाकार खळगा पडलाय, तर नवीन मिळेपर्यंत तीच कडी उलटी करून बसवता येते. काही आठवडे निभावतं.

आता टाकीच्या तळात राहिलेल्या भागाच्या गोल काठावर बोट फिरवा. सील या काठावर टेकतं. आमच्या सातही घरांत तिथे रव्यासारखं खरखरीत लागलं. ते बोअरच्या पाण्यातले क्षार. नाशिकची जमीन काळ्या बेसाल्टची, त्या खडकातून आलेलं पाणी जड. गंगापूर आणि मुकणे धरणांतून येणाऱ्या पाण्यात आम्ही बोअरचं पाणी मिसळतो, आणि उन्हाळ्यात बोअरचा वाटा वाढतो. बादलीच्या काठावर जो पांढरा थर दिसतो, तोच इथेही बसतो. त्या रव्यावर नवंकोरं सील बसवलं की ते मऊ असल्याने काही दिवस दाबून धरतं, मग कणांचे ठसे त्याच्यावर उमटतात आणि पाणी वाट काढतं. म्हणून दोन महिने बरं आणि मग परत तेच. सील बदलणाऱ्यांनी काठ कधी पुसलाच नव्हता.

उपाय किराणा दुकानात मिळतो: लिंबूसत्व. एका मगभर कोमट पाण्यात दोन चमचे. त्यात जुनं सुती फडकं भिजवून काठावर गोल गुंडाळून ठेवा, अर्धा तास. मग जुन्या टूथब्रशने घासा आणि बोटाने पुन्हा तपासा. काचेसारखं गुळगुळीत लागेपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागलं तरी करा. पांढरं व्हिनेगरही चालतं, वेळ जास्त लागतो. तारेची घासणी, सुरी, स्क्रू ड्रायव्हर तिथे अजिबात लावू नका. प्लास्टिकच्या काठावर एक ओरखडा पडला की तो कायमचा, मग अख्खी फिटिंग बदलण्यावाचून मार्ग नाही.

टॉयलेट साफ करायचं अॅसिड टाकीत ओतू नका. आतले स्प्रिंग, स्क्रू आणि रबर त्याने लवकर जातात. आणि अॅसिड व ब्लीच एकत्र तर कधीच येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. लहानशा बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. टाकीत टाकायच्या ज्या वड्यांमध्ये क्लोरीन असतं, त्यांच्यात दिवसरात्र बुडून राहिलेलं रबर कडक होतं, म्हणून आमच्याकडे त्या आम्ही बंदच केल्या. सील नीट बसावं म्हणून काही जण त्याला तेल किंवा साधं ग्रीस चोळतात. त्याने रबर फुगतं. लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस.

नवीन सील आणताना जुनं सोबत न्या. मापं कंपनीगणिक वेगळी असतात आणि डोळ्यांना सारखं दिसणारं सील दोन मिलिमीटरने फसवतं. सिलिकॉनचं मिळालं तर तेच घ्या, जड पाण्यात रबरापेक्षा ते जास्त टिकतं असा आमचा अनुभव. सीलचा खर्च पूर्ण फिटिंगपेक्षा कितीतरी कमी, तेव्हा आधी सील.

काठ स्वच्छ, सील नवं, तरी निळं पाणी उतरतंय? मग फिटिंगचा तळ जिथे टाकीच्या भोकात बसवलाय तिथलं मोठं वॉशर पाहा. तिथून झिरपलेलं पाणीही कमोडमध्येच जातं. ते बदलायला टाकी उतरवावी लागते, आणि कमोडला जोडलेली सिरॅमिकची टाकी उतरवणं एकट्याचं काम नाही. इथे मी प्लंबरदादांना बोलावते.

वरून जात असेल तर: इनलेट, कचरा आणि रात्रीचा दाब

तीन घरांत पाणी ओव्हरफ्लोतून जात होतं. एका ठिकाणी बॉल कॉकच्या चेंडूत पाणी शिरलं होतं. चेंडू कानाशी हलवला की आतलं पाणी ऐकू येतं. नवा चेंडू, पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या ठिकाणी फ्लोट टाकीच्या भिंतीला घासत होता, इनलेट जरासं फिरवून सरळ केलं. नुसती पातळी जास्त असेल तर फ्लोटच्या बाजूचा लांब स्क्रू फिरवून ती एक इंचाने उतरवता येते.

तिसरं घर पहिल्या मजल्यावरचं. तिथले आजोबा सांगत होते की दिवसा काही नाही, रात्रीच गळतं. आधीच्या प्लंबरने त्यांना भास होतोय असं सांगितलं होतं. आजोबांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. गच्चीवरच्या टाकीपासून जितकं खाली, तितका दाब जास्त: दर 10 मीटरला चौरस सेंटीमीटरमागे साधारण 1 किलो. पहिल्या मजल्यावर आमच्याकडे पावणेदोन किलोच्या आसपास होतो. दिवसा कुठेतरी नळ चालू असतो, पाणी वाहत असतं, म्हणून पाइपातला दाब थोडा उतरलेला राहतो. रात्री सगळं बंद झालं की पूर्ण दाब इनलेटच्या छोट्या रबरी पडद्यावर येतो. पडदा जुना असेल किंवा त्याखाली वाळूचा एक कण असेल तर तो दिवसा धरतो आणि रात्री सोडतो. म्हणून पेन्सिलची खूण रात्री झोपतानाही एकदा करून बघा, अँगल कॉक उघडा ठेवून. सकाळी पाणी ओव्हरफ्लोच्या काठाला टेकलेलं दिसलं की कळलं.

यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे अँगल कॉक अर्धा बंद करणं. त्याने भरण्याचा वेग आणि आवाज कमी होतो, पण रात्रीचा दाब कमी होत नाही. वाहणं थांबलं की अर्ध्या बंद कॉकच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच होतो. तो उतरवायचा तर खालच्या मजल्यांच्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. ज्यांच्याकडे प्रेशर पंप आहे त्यांनी पंपाचा दाब किती लावलाय तेही बघावं.

आजोबांकडे मात्र व्हॉल्व्हची गरज पडली नाही. इनलेटची वरची टोपी डावीकडे फिरवून काढली, खाली पडद्याशी काळपट गाळ होता. टोपी काढलेल्या जागी पेला उपडा धरून अँगल कॉक दोन-तीन सेकंद उघडला. पाण्याच्या फवाऱ्याबरोबर कचरा निघून आला. पडदा धुतला, उलटसुलट बघितला, फाटलेला नव्हता, परत बसवला. इनलेटला पाइप जोडतो तिथे एक बारीक जाळीही असते. टाकी भरायला फार वेळ लागत असेल तर ती तुंबलेली असते.

हा कचरा आला कुठून, याचं उत्तर सोसायटीच्या वहीत सापडलं. आठवड्यापूर्वी आम्ही गच्चीवरची टाकी धुवून घेतली होती. तळाचा ढवळलेला गाळ पाइपात उतरला आणि ज्या घरात पहिल्यांदा फ्लश झाला तिथल्या इनलेटमध्ये जाऊन बसला. आता टाकी धुण्याच्या आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांना सांगतो: टॉयलेटचे अँगल कॉक बंद करा, आणि पाणी परत सुरू झाल्यावर आधी बाथरूमचा नळ पूर्ण उघडून बादलीभर पाणी जाऊ द्या. स्वच्छ आलं की मगच फ्लशला. टँकरचं पाणी घेतल्यावर आणि रस्त्यात पाइपलाइनचं काम झाल्यावरही हेच करतो. यामुळे सहा महिन्यांत निदान एकदा कॉक हलवला जातो आणि तो जामही होत नाही.

अकरावं घर

तिथे सील, काठ, इनलेट सगळं चांगलं होतं. कामवाल्या मावशींनी टाकीचं झाकण पुसून परत ठेवताना ते जरा सरकलं होतं आणि बटणाखालच्या दांड्या फिटिंगला सतत किंचित दाबत होत्या. सील पूर्ण बसतच नव्हतं. झाकण काढून फ्लश करून बघा. झाकणाशिवाय गळती थांबली तर दोष इथेच. दांड्यांना आटे असतात, त्या दोन-तीन मिलिमीटर आखूड करा, म्हणजे बटण न दाबता फिटिंगला टेकणार नाहीत. तिथल्या वहिनी म्हणाल्या, त्या नवी फिटिंग ऑर्डर करणारच होत्या.

भिंतीतल्या टाक्या आणि पितळी व्हॉल्व्ह

भिंतीत लपवलेली टाकी असेल तर बटणाची पट्टी वर सरकवून किंवा खालून उचलून निघते आणि आतून हात घालता येतो. आतलं शास्त्र तेच: सील, काठ, फ्लोट. फक्त सुटे भाग त्याच कंपनीचे आणि त्याच मॉडेलचे लागतात, आणि महाग पडतात. टाइल्स फोडायची गरज आहे असं कुणी म्हणालं तर आधी दुसऱ्याला दाखवा.

माझं माहेर नाशिकरोडच्या जुन्या इमारतीत आहे. तिथे टाकीच नाही, भिंतीत पितळी फ्लश व्हॉल्व्ह आहे आणि पाणी गच्चीवरून वेगळ्या लाइनने येतं. तो गळतो तेव्हा आत बहुधा वाळूचा कण किंवा झिजलेलं वॉशर असतं. वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली, दाब कमी असल्याने तो नीट बंद होत नाही असंही होतं. तो उघडण्याआधी त्या लाइनचा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करणं भाग आहे. वडिलांनी एकदा तसं न करता टोपी सोडवली आणि सगळ्या घरात पाणी झालं. सुरू करताना तो व्हॉल्व्ह सावकाश उघडा, एकदम उघडल्याने पाइपातला गंज आणि वाळू सुटून पुन्हा त्याच जागी जाते.

दुरुस्तीनंतर आठ दिवसांनी आम्ही सगळ्या 11 घरांत परत नीळ टाकली. एका घरात पुसट निळं दिसलं. काठाच्या मागच्या बाजूला, जिथे डोळा पोहोचत नाही, तिथे थोडा क्षार राहिला होता. तो काढला. मग त्याच रात्री पुन्हा गच्चीवर गेलो, 1 वाजता काठी, 4 वाजता काठी. 10 सेंटीमीटरच्या जागी 1 सेंटीमीटरसुद्धा पूर्ण उतरलं नव्हतं. टाक्यांच्या आतल्या पेन्सिलच्या खुणा आम्ही पुसल्या नाहीत. प्रत्येकीशेजारी तारीख लिहून ठेवली आहे, पुढच्या वेळी झाकण उघडणाऱ्यासाठी.